कापूसवाल्यांच्या इतिहासातून मी खोडलेला परिच्छेद

नाना,

तुम्हाला जाऊन आज सत्तावीस दिवस झाले. या दिवसांत मी आपले हस्तलिखित चार वेळा उघडले आणि चारही वेळा एकाच पानावर थांबून मिटले. ते पान कोणते, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही. वाचणाऱ्यांना मात्र सांगावे लागेल, आणि तिथपर्यंत पोचायला मला थोडा अवधी द्या. मी आयुष्यभर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात इतरांची पुस्तके फडताळांवर लावली. स्वतःचे वाक्य चारचौघांपुढे ठेवण्याची वेळ वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी आली, तीही तुमच्यामुळे.

तुमची शुभांगी आमच्या घरी सून म्हणून आली आणि आपण व्याही झालो. व्याह्यांनी एकमेकांशी कसे वागावे हे आपल्याकडे ठरलेले असते. सणाला फोन करावा, लग्नकार्यात मानाने बसावे, आणि उरलेल्या वेळी परस्परांच्या रक्तदाबाची चौकशी करावी. मला हे अंतर सोयीचे होते. तुम्हाला ते पहिल्या दिवाळीलाच जाचू लागले. फराळाची बशी बाजूला सारून तुम्ही म्हणालात, "याही, तुम्ही लायब्ररीमा व्हतात ना? मंग मले एक पुस्तक लिखी द्या."

"कशावर?" मी विचारले.

"मन्हा क्लबवर."

मला वाटले, धुळ्यातले एखादे तरुण मंडळ असेल. गणपती, लेझीम, रक्तदान वगैरे. तुम्ही खिशातून एक जुना फोटो काढलात. लाल मातीचे मैदान, पांढऱ्या सदऱ्यांतले अकरा काळेसावळे खेळाडू, आणि त्यांच्या कडेला, हातात पान्हा घेतलेले, मिशीवाले, बारीक अंगाचे तुम्ही. फोटो घानाच्या उत्तरेकडचा होता. धुळ्याच्या जिनिंगमधले, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यातले, फिटर म्हणून तुम्ही तिथल्या एका कापसाच्या गावी नवी जिन उभारायला आठ महिन्यांसाठी गेलात आणि बारा वर्षे राहिलात. शुभांगीने तुमच्या आफ्रिकेविषयी सांगितले होते. पण तिथे तुम्ही यंत्राइतकाच जीव एका फुटबॉल संघाला लावला होता, हे मला त्या दिवाळीत कळले.

क्लबचे कागदावरचे नाव लांबलचक इंग्रजी होते. गावातले लोक त्याला जे म्हणत त्याचे तुम्ही ‘कापूसवाले’ असे भाषांतर केलेत. संपूर्ण पुस्तकात आपण दोघांनी वादाशिवाय मान्य केलेले हे एकमेव भाषांतर.

मग तीन वर्षे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तुम्ही धुळ्याहून एसटीने येत राहिलात. पारोळा, एरंडोल करत दहाच्या सुमारास जळगावला उतरायचे, स्टँडवरून चालत घरी यायचे, पाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि डोळे मिटून सुरू करायचे. तुम्ही सांगायचात, मी लिहायचो. तुम्ही अहिराणीत सांगायचात, मी प्रमाण मराठीत लिहायचो. ती भाषा मला कळत नव्हती असे नाही. माझी आई दुसरी भाषाच बोलत नसे. पण शाळेत गेल्यावर मी ती उंबऱ्यापाशी ठेवली आणि परत उचलायची राहून गेली. तुम्ही एक वाक्य बोललात की ते माझ्या हातून इस्त्री होऊन कागदावर उतरत असे. तुम्ही वाचून दाखवायला सांगत आणि मान हलवत. पटले म्हणून नव्हे. नवख्या शिंप्याकडून सदरा घेताना माणूस हलवतो तशी.

एकदा मात्र तुम्ही थांबवलेत. "गोलरक्षक? हाऊ काय शबुद शे? जसा काही एटीएमना बाहेर बठेल वॉचमन!"

"शुद्ध मराठी शब्द आहे, नाना."

"शुद्ध व्हई. पन तो राखत बसस नही, तो झडप घालस. गोलकीपर लिखा."

मी गोलरक्षकच लिहिले. आज सांगतो, तुमचे बरोबर होते.

मी तोवर फुटबॉलचा एकही सामना पाहिला नव्हता. ऑफसाइड म्हणजे काय हे मी तीन पुस्तकांतून वाचले आणि तिन्ही वेळा मला ते समजले नाही. तुम्ही एका वाक्यात उलगडलेत. एसटी फलाटाला लागायच्या आधीच जो खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, तो ऑफसाइड. मी म्हणालो, "मग एरंडोलच्या स्टँडवर सगळेच ऑफसाइड आहेत." तुम्ही इतके हसलात की चहा बशीत सांडला, आणि स्वयंपाकघरातून शुभांगी बघायला आली. मी विनोद केला आणि त्यावर कुणी हसले, असे माझ्या आयुष्यात फार वेळा घडलेले नाही. तो शनिवार मी जपून ठेवला आहे.

त्या क्लबचा इतिहास मला हळूहळू आवडू लागला. जिनच्या आवारात कापसाच्या गाठी उचलणाऱ्या हमालांनी दुपारच्या सुट्टीत खेळायला सुरुवात केली. त्यांचा पहिला चेंडू चिंध्यांत तुटका कापूस कोंबून सुतळीने आवळलेला होता. तो उसळत नसे, म्हणून त्यांना जमिनीलगत, छोट्या छोट्या पासांनी खेळायची सवय लागली. पुढे खरा चेंडू आला तरी ती गेली नाही, आणि दक्षिणेकडच्या बंदराच्या शहरांतले संघ याच सवयीपुढे हैराण होत. आसपासच्या गावांना हरवत ते विभागाच्या स्पर्धेत गेले, तिथून दुसऱ्या श्रेणीत. सामन्याच्या दिवशी भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्या बाया गोलच्या मागे बसत आणि पंचाने चुकीचा निर्णय दिला की टरफले त्याच्या अंगावर फेकत. तुम्ही म्हणायचात, तिथला पंच मैदान सोडताना झटकत झटकत जायचा.

मग क्लब व्यावसायिक झाला. नवे नियम आले. मैदानाला कुंपण हवे, खेळाडूंशी करार हवा, दरमहा पगार हवा. गावात फूट पडली. म्हातारे हमाल म्हणू लागले, पगारावर खेळणारा पोरगा आपला कसा? उद्या कोणी जास्त देईल तर तिकडे जाईल. मला त्यांचे म्हणणे पटले आणि मी तसे बोलून दाखवले. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलेत.

"याही, पगार लिधा म्हनीसन आपला मानूस परका व्हई जास का? मी बारा वरीस पगारवर तठे व्हतू. मी धुयाना नही का?"

मी ते लिहून घेतले. बहुधा तुम्ही क्लबविषयी बोलतच नव्हता.

त्या संघाचा गोलकीपर इसाहाकू. तुमच्या जिनमध्येच तो वजनकाट्यावर काम करत असे आणि करार झाल्यावर पूर्णवेळ खेळू लागला. लांब हातांचा, कमी बोलणारा. तुमच्या खोलीच्या मागच्या अंगणात त्याचे घर. तिथल्या पहिल्या श्रावणात आपल्या खानदेशच्या कानबाईचा रविवार आला आणि तुम्ही एकटे होतात. आपल्याकडे घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ धान्य मोजून घेतात, त्या पिठाचे रोट करतात, आणि ते रोट भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाहीत. गहू मिळेना, म्हणून तुम्ही बाजरी घेतलीत. स्वतःच्या नावाची सव्वा मूठ परातीत टाकलीत, आणि परात इतकी रिकामी दिसली की तुमच्याने पुढे काही करवेना. मग तुम्ही इसाहाकूच्या नावाने एक मूठ घेतलीत. मग कर्णधाराच्या. असे करत अकरा झाले. इसाहाकूची आई रोट थापू लागली, आणि संध्याकाळी सगळ्या संघाने शेंगदाण्याच्या रश्शात बुडवून कानबाईचे रोट खाल्ले.

मी भीत भीत विचारले होते, "नाना, नियम मोडला म्हणून देवी कोपली असती तर?"

"ती कोपस नही," तुम्ही म्हणालात. "तिले भरेल घर आवडस. आनि नियम कोठे मोडा? रोट खाधं, म्हनजे त्या भाऊबंद व्हई गयात."

तुम्ही हे गंमतीने म्हणत नव्हता, हे मला फार उशिरा कळले.

आता ते पान.

भरिताच्या वांग्यांचे दिवस होते. अंगणात ऊन होते आणि आपण बाहेरच बसलो होतो. पुस्तक शेवटच्या प्रकरणापर्यंत आले होते: कापूसवाल्यांचा वरच्या श्रेणीत जाण्याचा सामना. स्वतःच्या मैदानावर केवळ बरोबरी पुरेशी होती. आदल्या दोन दिवसांत तिकडे जोराचा पाऊस झाला आणि गोलपुढची जागा चिखलाने भरली. पुढचे सांगताना तुम्ही त्या दिवशी प्रथमच डोळे मिटले नव्हते.

तुम्ही सांगितलेत, की सामन्याच्या सकाळी सगळे हातावर हात धरून बसले होते, तेव्हा तुम्हाला धुळ्याची आठवण झाली. लग्नाच्या मांडवात चिखल झाला की तुमचे वडील जिनमधला कचरा आणून पसरत, तुटका कापूस आणि सरकीची टरफले. आपली काळी माती तो कचरा पोटात घेते, घट्ट धरते, आणि तासाभरात त्यावरून पंगत उठते. तुम्ही जिनमधून चार हातगाड्या भरून आणल्यात आणि तो कचरा स्वतःच्या हातांनी गोलपुढे पसरलात. सगळ्यांनी वाहवा केली. पण तिथली माती लाल, खाली दगडासारखी कठीण आणि वर बोटभर चिखल. तिने कचरा पोटात घेतला नाही. तो वर तरंगत राहिला आणि ओला होऊन साबणासारखा झाला. सामना संपायला थोडाच वेळ उरला असताना एक साधा, जमिनीलगतचा चेंडू आला. इसाहाकूने झेप घ्यायला डावा पाय रोवला, तो पाय रुतलाच नाही, सरकत गेला, आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. चेंडू त्याच्या शेजारून हळूहळू आत गेला. कापूसवाले हरले. तुमच्यासमोर सगळ्यांनी दोष पावसाला दिला, आणि इसाहाकू पुन्हा खेळला नाही.

तुमचे शब्द मी त्या दिवशी, का कोण जाणे, वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले होते: "तो पडना तो पानीमुये नही. मी तठे कचरा टाकेल व्हता. काया मातीनी अक्कल मी लाल मातीले शिकाडाले गऊ. त्याना गुडघा मन्हामुये गया. आनि मी त्याले आजपावत सांगं नही."

दवाखान्यात तुम्ही रोज त्याच्यासाठी डबा नेलात आणि रोज न सांगता परत आलात. पुढच्या वर्षी आईच्या आजाराचे निमित्त करून धुळ्याला निघून आलात. इतक्या वर्षांनी शुभांगीने क्लबच्या मंडळींमार्फत इसाहाकूचा फोन नंबर शोधून काढला, तेव्हापासून तुम्ही दोघे एकमेकांना आवाजी निरोप पाठवत होतात. पावसाची, नातवंडांची, पिकापाण्याची चौकशी करत होतात. क्लबविषयी मात्र कधी नाही. "आते पुस्तकमा लिखा," तुम्ही म्हणालात. "शुभी इंग्रजी करी आनि त्याले धाडी. मन्हा तोंडमाईन ते निंघस नही. रोट खायेल मानूस शे तो. त्यानापाशी लबाडी चालस नही."

मी हो म्हणालो. आणि घरात, टंकलेखनाच्या वेळी, तो परिच्छेद काढला. त्याच्या जागी मी लिहिले: ‘अतिवृष्टीमुळे मैदान निसरडे झाले होते, त्यातच गोलरक्षकास दुखापत झाली.’

मी असे का केले याची कारणे मी स्वतःला दिली होती, आणि ती सगळी चांगल्या कापडाची होती. इतिहासात सांगणाऱ्याने स्वतः येऊ नये. एका माणसाच्या अपराधभावाने संस्थेचा इतिहास झाकोळू नये. चौदा प्रकरणे अलिप्तपणे लिहिल्यावर पंधराव्यात रडू नये. आता वाटते, यातले एकही खरे नव्हते. खरे एवढेच, की तुम्ही माझ्यापुढे उघडे पडलात आणि मला लाज वाटली. समोरच्याने मन मोकळे केले की त्याच्यावर काहीतरी पांघरूण घालावे, एवढेच मला येते. तुम्हाला वाचवतो आहे असे मला वाटत होते. मी स्वतःला वाचवत होतो.

फेब्रुवारीतल्या शनिवारी शुभांगीने प्रत वाचून दाखवली, कारण तुमच्या डोळ्याचे नुकतेच ऑपरेशन झाले होते. तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात. ते वाक्य आले. तुम्ही म्हणालात, "शुभी, ते परत वाच." तिने परत वाचले. तुम्ही चहा संपवलात. टोपी घातलीत. मी स्टँडपर्यंत येतो म्हणालो, तुम्ही हातानेच नको म्हटलेत. दारात चप्पल घालताना, माझ्याकडे न बघता, तुम्ही म्हणालात, "याही, पाऊस त्या दिन सकायलेच थांबेल व्हता."

नाना, त्याच क्षणी मी ‘चुकलो’ म्हणायला हवे होते. शब्द अगदी ओठांवर होता. तुम्ही फाटकाची कडी लावत होतात, आणि मी विचार करत राहिलो की ते कसे म्हणावे.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी तुम्ही आला नाहीत. फोनवर आपण उन्हाळ्याविषयी बोललो, तुमच्या डोळ्याविषयी, माझ्या साखरेविषयी. अगदी व्याह्यांनी बोलावे तसे बोललो. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारीही तुम्ही आला नाहीत. मी ठरवले होते की आपणच धुळ्याला जावे. पिशवी भरून ठेवली, तीत ती हाताने लिहिलेली वही ठेवली. सोमवारी जाणार होतो. रविवारी सकाळी शुभांगीच्या भावाचा फोन आला.

तेराव्यानंतर आम्ही जळगावला परतलो. तिसऱ्या दिवशी शुभांगी माझ्यासमोर येऊन बसली. "आबा, एक विचारू? नाना त्या दिवशी असे उठून का गेले?"

मी उठलो, पिशवीतून वही काढली आणि ते पान उघडून तिच्या हातात दिले. तिने ते वाचले. दोनदा वाचले. मला वाटले, ती रडेल, किंवा चिडेल. ती इतकेच म्हणाली, "आबा, तुम्ही माझ्या बापाला पाऊस करून टाकलंत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

"आता काय करायचं?" मी विचारले.

"काय करायचं म्हणजे? इसाहाकूकाकांना फोन करायचा."

"तू कर. तुझं इंग्रजी चांगलं आहे."

"मी शेजारी बसते," ती म्हणाली. "बोलायचं तुम्ही."

मी ग्रंथालयात चाळीस वर्षे इंग्रजी पुस्तके हाताळली आहेत, पण परक्या माणसाशी इंग्रजीत फोनवर बोलण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. आमच्याकडे दुपार होती, तिकडे सकाळ. मी परिच्छेदाचे भाषांतर कागदावर काढून घेतले होते. तुमच्या जाण्याची बातमी शुभांगीने त्याला आधीच कळवली होती. पलीकडून जाड, संथ आवाज आला. तो तुमचा उल्लेख ‘भाऊ’ असा करतो हे मला ठाऊक नव्हते. त्याच्या इंग्रजीत तेवढा एक शब्द आपला होता.

मी वाचले. एक ओळ दोनदा वाचली गेली. पलीकडे मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता.

मग तो म्हणाला, "मला माहीत होतं."

तो सांगत गेला आणि जिथे मी अडखळलो तिथे शुभांगीने मला हळूच मराठीत सांगितले. दवाखान्यात पहिल्या दिवशी त्याने बूट काढले, तेव्हा तळाच्या खिळ्यांत ओला कापूस आणि सरकीची टरफले गच्च बसलेली होती. त्याने ती बोटाने एकेक काढली. तेवढ्यात तुम्ही डबा घेऊन आलात. त्याने ती मुठीत लपवली. त्याला वाटले, भाऊ स्वतःच सांगेल. मग वाटले, उद्या सांगेल. "तो रोज यायचा आणि डब्याचं झाकण बराच वेळ उघडत बसायचा," तो म्हणाला. "मी त्याला मदत करायला हवी होती. मी रागात होतो, म्हणून केली नाही. मग तो निघून गेला."

मग त्याने विचारले, "जिवंत असताना त्याने हे मला का नाही सांगितलं?"

इथे मला पळवाट होती, नाना. मी म्हणू शकलो असतो की वेळ मिळाला नाही, काळाने गाठले. लोक अशा प्रसंगी असेच म्हणतात आणि ते कुणाला खोटे वाटत नाही.

मी म्हणालो, "त्यांनी सांगितलं होतं. जानेवारीत. तुम्हाला पाठवायलाही सांगितलं होतं. मी ते खोडलं."

शुभांगीने माझ्याकडे पाहिले. त्याने ‘हरकत नाही’ म्हटले नाही. त्याने तसे म्हणावे अशी माझी अपेक्षा होती, हे मला तेव्हा कळले, आणि त्याने म्हटले नाही याचा मी आज आदर करतो.

"त्याने ते इंग्रजीत सांगितलं होतं?" त्याने विचारले.

"नाही. त्यांच्या बोलीत."

"मग त्या बोलीत वाचा."

"तुम्हाला कळणार नाही."

"बारा वर्षं तो माझ्या भिंतीपलीकडे यंत्रांना त्याच बोलीत शिव्या देत होता," इसाहाकू म्हणाला. "वाचा."

मी वही उघडली. माझी आई गेल्यापासून ती भाषा माझ्या तोंडून मोठ्याने निघाली नव्हती. पहिल्या वाक्यावर ती परकी वाटली. ‘काया मातीनी अक्कल’ पर्यंत येता येता माझा आवाज मलाच ओळखीचा वाटू लागला. शुभांगीने पदर तोंडाला लावला. मी शेवटपर्यंत वाचले. पलीकडून इसाहाकू हलके हुंकार देत होता, कथेकऱ्याला देतात तसे.

मग त्याने मला विचारले, आमचा इतिहास कुठे संपवला आहेत? मी म्हणालो, त्याच सामन्यावर. नाना पुढच्या वर्षी परत आले, त्यामुळे त्यांना त्यानंतरचे फारसे माहीत नव्हते.

"तिथे?" तो म्हणाला. "तिथे संपवलं? अहो, त्यानंतर आम्ही वर गेलो!"

आणि त्याने मला सांगितले, आणि मी लिहून घेतले. हे तुम्हाला ठाऊक नव्हते, म्हणून सांगतो. दोन वर्षांनी कापूसवाले वरच्या श्रेणीत गेले. नव्या गोलकीपरला इसाहाकूने शिकवले होते. वरती एकच हंगाम टिकले आणि परत खाली आले, पण त्या एका हंगामात बंदराच्या शहरातला सर्वांत श्रीमंत संघ त्यांच्याकडून त्याच लाल मैदानावर हरला, आणि शेंगावाल्या बायांनी त्या दिवशी टरफलांऐवजी अख्ख्या शेंगा उधळल्या. आजही संघ दुसऱ्या श्रेणीत खेळतो. आता मुलींचाही संघ आहे. त्यांच्या गोलकीपरला इसाहाकूची नात शिकवते.

आणखी एक गोष्ट. तुमच्या कचऱ्याचे गुपित तसे कधी गुपित राहिलेच नव्हते. चार हातगाड्या भरून गावाच्या मधून नेलेली वस्तू गुप्त कशी राहील? तुम्ही निघून आल्यावर क्लबच्या पहिल्याच बैठकीत ठराव झाला, की मैदानावर जिनमधली कोणतीही वस्तू आणू नये. तो ठराव रंगवून फाटकावर लावला आहे. रंग उडाला की पुन्हा रंगवतात. नव्या पोरांना त्याचे कारण ठाऊक नसते. ती विचारतात, आणि म्हातारे सांगतात: एक इंडियन होता, त्याचा संघावर फार जीव होता. त्या ठरावाला गावात ‘भाऊचा कायदा’ म्हणतात.

तुम्ही अर्धे आयुष्य जे एका माणसापासून लपवत होतात, ते तिथे फाटकावर लावलेले होते. आणि तुम्हाला ज्या इतिहासातून मी सभ्यपणे बाहेर काढत होतो, त्यात तिथल्या लोकांनी तुम्हाला केव्हाच बसवून घेतले होते.

फोन ठेवण्याआधी इसाहाकू हसला. मोठे, खोल हसू. मी धीर करून म्हणालो, "म्हणजे तुमच्या मनात आता काही नाही?"

"मनात नाही," तो म्हणाला. "गुडघ्यात आहे. हिवाळ्यात कोरडा वारा सुटला की जिना चढवत नाही. हेही लिहा. खोडू नका."

पावसाचे वाक्य मी काढले आहे. त्या जागी तुमचा परिच्छेद तुमच्या बोलीत, काना-मात्रा न बदलता ठेवला आहे. त्याखाली, हा परिच्छेद एकदा कुणी आणि का खोडला होता, ते माझ्या नावानिशी दोन ओळींत दिले आहे. पुस्तकभर ‘गोलकीपर’ केले आहे. सोळाव्या प्रकरणात संघ वर गेला आहे.

आणि गुडघा अजून दुखतो, नाना. तेही लिहिले आहे.